तसबीर, रुमाल आणि संत्र्यांची टोपली



शेजारच्या घरातील नवराबायकोचे भांडण आपण भिंतीस कान लावून ऐकतो, रंगभूमीवरचे तिकीट काढून पाहतो, आणि आपल्याच घरातले सुरू झाले म्हणजे मात्र हसू कोठल्या कोठे पळून जाते. असल्या भांडणावर मनमोकळे हसविणारे एक नाटक मराठीत आहे. ते म्हणजे कै. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ'. या आठवड्यात त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कारण ज्या रोगाची त्यात थट्टा आहे तो रोग आपल्या घरांतून अद्याप गेलेला नाही. आणि त्यावरचे औषधही त्या थट्टेतच सापडते, असे आमचे मत आहे.

देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळच्या हरिपूर येथे झाला. म्हाताऱ्या वराशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या दुष्ट चालीवर 'शारदा' हे नाटक लिहून ज्यांनी समाजाचे डोळे उघडले, तेच हे देवल. 'संशयकल्लोळ' त्यांनी प्रथम १८९३ साली गद्यात लिहिले. तेव्हा ते 'फाल्गुनराव' या नावाने ओळखले जाई. पुढे त्यास पदांची जोड मिळाली आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणिले. त्याच वर्षी देवल निवर्तले. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी हे नाटक पुनःपुन्हा रंगभूमीवर येतच राहिले आहे.

यातील पात्रांची नावे मोठी गमतीची आहेत. महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ती घेतली आहेत: फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, आणि भाद्रपदाचा झालेला भादव्या. फाल्गुनराव हा खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. त्यास दुःख एकच, ते म्हणजे बायकोवर विश्वास नाही. कृत्तिकेचेही तेच, नवऱ्यावर नजर ठेवण्यातच तिचा दिवस मावळतो. एके दिवशी रेवती नावाच्या तरुणीस वाटेत घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतो. माणुसकीचेच काम ते. पण परक्या तरुणीस आधार देणारा नवरा कृत्तिकेच्या दृष्टीस पडतो आणि तिच्या मनात आग भडकते. रेवतीपाशी तिच्या प्रियकराची, म्हणजे अश्विनशेटची, तसबीर असते. ती त्या गडबडीत खाली पडते व कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखीत असता फाल्गुनराव तिला पाहतो, आणि आता आग दुसऱ्या बाजूनेही लागते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती पाहून अश्विनशेटचेही मन रेवतीविषयी कलुषित होते. एक चित्र, आणि दोन जोडपी पेटलेली! त्यात फाल्गुनरावाचा चाकर भादव्या आहेच. मालकाच्या संशयास त्याच्यामुळे खतपाणीच मिळते.

आता, वाचकहो, एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. या साऱ्या घोटाळ्यात कोणाचेही डोळे खोटे बोललेले नाहीत. फाल्गुनरावाने रेवतीस सावरले, हे खरे. कृत्तिकेच्या हाती परपुरुषाची तसबीर होती, हेही खरे. पण प्रत्येकाने पाहिले ते अर्धे होते. रेवतीस घेरी आली होती, हा अर्धा भाग कृत्तिकेस ठाऊक नव्हता; तसबीर वाटेत सापडली, हा अर्धा भाग फाल्गुनरावास ठाऊक नव्हता. न दिसलेला अर्धा भाग दोघांनीही आपल्या मनाने भरून काढिला, आणि मनाने तो नेहमीप्रमाणे काळ्या रंगाने भरिला. संशयी माणूस आंधळा असतो असे आपण म्हणतो. ते बरोबर नव्हे. संशयी माणसास फार दिसते. त्याला विचारणे तेवढे जमत नाही.

ही कथा देवलांनी मुळातून रचिलेली नाही. आर्थर मर्फी या नाटककाराचे १७६१ साली लंडनमध्ये आलेले एक सुखात्म नाटक त्यांनी आधारास घेतले. मर्फीने आपल्या नाटकातील पुष्कळशी सामग्री मोलियर या फ्रेंच नाटककाराकडून घेतली होती. मोलियरचे ते नाटक १६६० सालचे. म्हणजे पॅरिसच्या रस्त्यात पडलेली तसबीर लंडनमार्गे महाराष्ट्रात आली, आणि तीनही ठिकाणी नवराबायकोंनी तिच्यावरून सारखाच गोंधळ घातला. वेष बदलला, भाषा बदलली, मनुष्याचे मन तेवढे बदलले नाही.

याहून नवलाची गोष्ट अशी की, हसविण्यासाठी हे नाटक लिहिण्यापूर्वी तीनच वर्षे, १८९० साली, देवलांनी त्याच संशयावर रडविणारे नाटक लिहिले होते. त्याचे नाव 'झुंजारराव'. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे ते मराठी रूपांतर. मूळ नाटकात संशयाची वस्तू तसबिरीहूनही क्षुल्लक आहे, एक हातरुमाल. पत्नीचा हरवलेला रुमाल कपटी मनुष्याच्या हाती लागतो आणि तो दुसऱ्याच्या खोलीत टाकिला जातो. शूर सेनापती असलेला पती त्या कपटी माणसाकडे पुरावा मागतो. पत्नीस तो रुमाल कोठे आहे म्हणून दरडावतो, पण तो रुमाल आज एवढा का हवा, मनात काय सलते आहे, हे तिला सांगत नाही. ती बिचारी घाबरते आणि रुमाल हरवलेला नाही, असे म्हणून बसते. त्या घाबरून बोललेल्या शब्दानेच संशयाचे विष आणखी चढते. शेवटी निरपराध पत्नीचा गळा आवळला जातो. सत्य कळते ते त्यानंतर, आणि मग पतीसही जगणे अशक्य होते.

एकाच लेखणीतून उतरलेली ही दोन नाटके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत नवरा निष्कारण संशय घेतो. दोन्हींत पुरावा म्हणजे हातात मावणारी एक वस्तू. मग एका ठिकाणी प्रेत पडते आणि दुसऱ्या ठिकाणी हशा पिकतो, हे कशाने? फाल्गुनराव झुंजाररावाहून शहाणा होता म्हणून नव्हे. तो चांगलाच मूर्ख होता. फरक एवढाच, की 'संशयकल्लोळा'त सारी मंडळी वेळ निघून जाण्यापूर्वी समोरासमोर येतात आणि ज्याचा त्याचा उरलेला अर्धा भाग सांगितला जातो. झुंजाररावाच्या घरी ती समोरासमोरची वेळ आलीच नाही. सुखात्म आणि शोकात्म यांच्यामधले अंतर पुष्कळदा एका सरळ प्रश्नाएवढेच असते.

येथे कोणी विचारील की, दोघेही निर्दोष असले तर ठीक. पण एखाद्याने खरोखरच काही लपविले असेल तर? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर शोधण्यास आपण अमेरिकेतील एका जुन्या विनोदी चित्रपटाकडे वळू. 'द ऑफुल ट्रुथ', म्हणजे 'भयंकर सत्य', हे त्याचे नाव. १९३७ सालचा हा चित्रपट लिओ मॅकॅरी यांनी दिग्दर्शित केला, आणि त्याबद्दल त्यांस दिग्दर्शनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. मॅकॅरी हे कॅथलिक गृहस्थ. धर्मगुरूंच्या जीवनावरचा 'गोइंग माय वे' हा १९४४ सालचा गाजलेला चित्रपटही त्यांचाच. पत्नीची भूमिका करणाऱ्या आयरीन डन याही निष्ठावंत कॅथलिक होत्या. नोत्र दाम विद्यापीठाने १९४९ साली त्यांस लेतारे पदक देऊन गौरविले. घटस्फोटावरच्या विनोदी चित्रपटाचे नाव या सदरात आले म्हणून ज्या वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील, त्यांच्या समाधानार्थ एवढे सांगितले.

कथा अशी. पती फ्लोरिडास जाऊन आल्याचे सांगत घरी परततो. उन्हाने रापल्यासारखे दिसावे म्हणून त्याने विजेच्या दिव्याखाली अंग शेकून घेतले आहे. बायकोसाठी तो संत्र्यांची टोपली आणतो; पण संत्र्यांवर छाप असतो कॅलिफोर्नियाचा! फ्लोरिडा देशाच्या एका टोकास, कॅलिफोर्निया दुसऱ्या टोकास. इकडे पत्नीही रात्र बाहेर काढून सकाळी आपल्या गायनशिक्षकासह घरी येते आणि वाटेत मोटार बिघडली असे सांगते. आलेल्या पाहुण्यांस विवाहात संशय किती घातक असतो हे नुकतेच ऐकविणारा पती क्षणात स्वतःच संशयाने लाल होतो. प्रकरण न्यायालयात जाते. मुले नाहीत, तेव्हा घरचा कुत्रा कोणाकडे राहावा यावर वाद होतो. विवाह ही किती सुंदर गोष्ट आहे हे फोनवर पत्नीस समजावणारा वकील त्याच दमात आपल्या बायकोवर खेकसतो, हा प्रसंग तर पाहण्यासारखा आहे. आम्हां उपदेशकांनी तो दोनदा पाहावा.

न्यायालय घटस्फोट देते, पण तो पक्का होण्यास नव्वद दिवसांचा अवधी असतो. त्या नव्वद दिवसांत दोघेही नवे जोडीदार पाहतात आणि दोघेही एकमेकांच्या नव्या सोयरिकी मोडतात. आपण दुसऱ्या कोणाबरोबर सुखी होणार नाही, हे दोघांसही उमगलेले असते. बोलावयाचे कोणी, एवढेच अडलेले असते. अखेर डोंगरातील एका घरी, मुदतीच्या शेवटच्या रात्री, घड्याळाचे काटे बारावर येत असता ते पुन्हा एक होतात. पती त्या दिवसांत खरोखर कोठे होता, हे चित्रपट सांगत नाही. मात्र त्याच्या मूर्खपणाची कबुली तो शेवटी देतो, आणि ती तेवढ्यावर दार उघडते.

आम्हांस या चित्रपटातील संत्री फार बोलकी वाटतात. 'संशयकल्लोळा'तील तसबीर आपोआप वाटेत पडली होती. संत्री मात्र पतीने स्वतःच्या हातांनी घरात आणिली. जो घरी खोटे बोलतो तो संशयाचे बी स्वतः पेरतो, आणि मग त्याला सगळीकडे खोटेपणाच दिसू लागतो; कारण आपण फसवू शकतो तसे समोरचाही फसवीत असेल, हा विचार खोटे बोलणाराच्या मनातून हलत नाही. तेव्हा पहिला नियम विचारण्याचा असेल, तर दुसरा नियम विचारल्यावर खरे सांगण्याचा आहे.

आता आपल्या घरांकडे येऊ. आजची तसबीर वाटेत पडत नाही. ती मोबाईलमध्ये असते. आपल्या मुधोळ, भैंसा, निर्मल या भागांतून अनेक पुरुष कामासाठी आखाती देशांत गेले आहेत. घरी पत्नी कापसाचे शेत आणि लेकरे सांभाळते. रात्री एक वाजता तिला जाग येते, मोबाईलवर नवरा जागा असल्याचे दिसते, आणि एवढ्या रात्री हे कोणाशी बोलत असतील, हा काटा मनात रुतून बसतो. वास्तविक आपल्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा सौदी अरेबियात साडेदहा वाजलेले असतात. नवरा कामावरून येऊन जेवून अंथरुणावर पडलेला असतो. इकडे तो फोन करतो तेव्हा घरचा फोन अर्धा तास गुंतलेला लागतो. ती माहेरी भावाशी बोलत असते; त्यालाही उरलेला अर्धा भाग ठाऊक नसतो. मग गावातला कोणी भादव्या त्याला परक्या मुलखात संदेश धाडतो, की घराकडे जरा लक्ष असू द्या. झाले! पैसे येणे थांबते, सासू अबोला धरते, सून माहेरी जाते, आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. मुलांनी कोणती तसबीर पाहिलेली असते, म्हणून त्यांनी हे भोगावे?

आपण सीमेवरची माणसे आहोत. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा व कुबीर हा मुलूख नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत गेला. २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात आहे. घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू, ही आपली पिढ्यांची सवय. बाजारात समोरच्याचे बोलणे कळले नाही तर आपण निःसंकोच पुन्हा विचारतो, अहो, काय म्हणालात? त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. मग घरात, जेथे भाषा एक, ताट एक, देव्हाऱ्यापुढची प्रार्थना एक, तेथेच हा प्रश्न विचारण्यास जीभ का अडते? अनोळखी व्यापाऱ्याचा जेवढा मान आपण राखतो, तेवढा जन्माच्या सोबत्याचा राखावयास नको काय?

पवित्र शास्त्रात संशयात सापडलेल्या एका पतीची कथा आपण दर नाताळात ऐकतो. मोशेच्या काळचा नियम कठोर होता. गणना ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात, पतीस संशय आला तर पत्नीस कडू पाणी पाजून तिची परीक्षा घ्यावी, असे सांगितले आहे. संत योसेफासमोर तर संशयास भक्कम कारण दिसत होते. तरी त्या नीतिमान पुरुषाने गाव गोळा केले नाही, पंच बसविले नाहीत, मारियेची बेअब्रू होऊ नये हेच प्रथम पाहिले. त्याने घाई केली नाही, म्हणूनच देवाच्या दूतास स्वप्नात येऊन उरलेला अर्धा भाग सांगण्यास अवसर मिळाला. राग आला त्याच रात्री योसेफाने दार लावून घेतले असते, तर बेथलेहेमच्या वाटेवर मारियेस सोबत कोणाची असती?

थांबण्याचे हे शहाणपण कायद्यासही ठाऊक आहे. भारतातील ख्रिस्ती जोडप्यांसाठी असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन परस्परसंमतीची तरतूद आली. तीतही अर्जानंतर सहा महिने थांबून पुन्हा विचार करावा, असे म्हटले आहे. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तर विवाहबंधन न्यायालयाच्या कागदाने सुटत नाही. जोडीदाराकडून खरोखर व्यभिचार घडला असला तरी, निर्दोष व्यक्तीने ख्रिस्ती प्रेमाने आणि कुटुंबाच्या हितासाठी क्षमा नाकारू नये, अशी कळकळीची शिफारस ख्रिस्तसभेचा कायदा ११५२ व्या कलमात करतो. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. जेथे संशयाच्या नावाखाली मारहाण होते, बायकोस कोंडून ठेविले जाते, तेथे आमचे हे हसण्याचे बोल लागू नाहीत. ते फाल्गुनरावाचे घर नव्हे, झुंजाररावाचे आहे. जिवास वा आत्म्यास गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभाही ११५३ व्या कलमात देते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे रक्षण करणारा कायदा २००५ सालापासून आहे, आणि १८१ या क्रमांकावर फोन करून स्त्रियांस मदत मागता येते. अशा भगिनीस घरी परत जा आणि सोस, असे सांगणे हा धर्म नव्हे.

इतर घरांसाठी आमचे मागणे लहान आहे. मनात काटा रुतला तर तो प्रथम जोडीदारासच दाखवावा; शेजारणीस नव्हे, मित्रास नव्हे, आईसही नव्हे. दिवस मावळण्याआधी दाखवावा, कारण संशय रात्रीत वाढतो. कोठे होतात, असे विचारू नये. तो फौजदाराचा प्रश्न आहे. अहो, मनात एक गोष्ट सलते आहे, ऐकून घ्याल का, असे विचारावे. आणि ज्यास विचारले गेले त्याने माझ्यावर संशय घेतेस काय, असे म्हणून उसळू नये. विचारले, म्हणजे विश्वास अजून शिल्लक आहे, असे समजावे. ज्याचा विश्वास संपला तो विचारीत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात, घरातील दिवस समेट केल्यावाचून संपू देऊ नका, असा सल्ला दिला आहे. त्यासाठी लांब भाषण लागत नाही. पाण्याचा तांब्या पुढे करणेही पुरते.

आमच्या तरुण मंडळींस शेवटी एक सूचना. नाताळात वा गावच्या सणास काय बसवावे, असा प्रश्न पडला तर 'संशयकल्लोळ' हाती घ्या. पदे गाणारे मिळाले नाहीत तर गद्य प्रवेश घ्या. आईबाप, सासूसुना, नवविवाहित जोडपी सारी एका मांडवात बसून हसतील. त्यांतील एखादा फाल्गुनराव घरी जाताना वाटेत आपल्या कृत्तिकेस हळूच काही विचारील, तर नाटकाचा सारा खर्च भरून आला असे आम्ही समजू.

पवित्र कुटुंबाचे आशीर्वाद आपणां सर्वांवर असोत.